हत्यारं शिनोलीत, मिस्त्री जुन्नरात

आमचं स्वयंपाकघर फोडलं त्याच्या चौथ्या दिवशी देश बंद झाला.

फोडलं म्हणजे मुळापासून फोडलं होतं. सासूबाईंच्या काळातला सिमेंटचा ओटा गेला, शहाबादी फरशा उखडून अंगणात भिंतीला टेकवून ठेवल्या, प्लास्टर विटेपर्यंत खरवडून काढलं. पंधरा दिवसांत नवा ओटा, खाली ड्रॉवर, वर कपाटं, असा बेत होता. गवंडी मढचे. "पाडवा घरी करतो आन् येतो," म्हणून ते गेले. सुतार जुन्नरचे. पन्नाशी ओलांडलेले, दाढी पांढरी, बोलणं मोजकं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणते. शनिवारी त्यांनी टेम्पोतून प्लायवूडचे तक्ते, सागाच्या पट्ट्या आणि हत्यारांची भलीमोठी पत्र्याची पेटी आणून आमच्या पडवीत उतरवली. "सोमवारी सकाळी सुरू करू, वहिनी," म्हणाले आणि मोटारसायकलवर टांग टाकून गेले. तो सोमवार जूनमध्ये उजाडला.

शिनोलीच्या त्या घरात आम्ही चौघं होतो. माझे यजमान घोडेगावात खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला. ते दुकान ठरावीक तास उघडं असायचं, म्हणून ते रोज जायचे, आणि आले की अंगणातच आंघोळ करून मग घरात पाऊल टाकायचे. सासूबाई सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार. मुलगी अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगला, तिसऱ्या वर्षात. तिचं हॉस्टेल रिकामं केलं तेव्हा ती एक बॅग, एक बादली आणि कुंडीतलं एक निवडुंग घेऊन घरी आली. आणि मी. मी घरात ब्लाउज शिवते. त्या दिवसांत ब्लाउज कोण शिवणार? गावासाठी मास्क शिवत बसले होते.

स्वयंपाक पडवीत हलवला. शेगडी जमिनीवर, सिलिंडर खांबाला टेकवलेला, डबे खिडकीच्या कट्ट्यावर, कांदे-बटाटे चपलांच्या फळीवर. पाणी अंगणातल्या टाकीतून बादलीने. पहिला आठवडा सहलीला आल्यासारखा गेला. दुसऱ्या आठवड्यात सासूबाई भाकरी थापायला बसल्या की उठता येईना. आम्ही दोघी मायलेकी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उभं करायचो आणि त्या म्हणायच्या, "मला क्रेन आणा गं."

मिस्त्रींचा पहिला फोन एप्रिलमध्ये आला. घरचे कसे आहेत, खाणंपिणं मिळतंय ना, हे विचारून झालं आणि मग ते जरा घुटमळले.

"वहिनी, एक काम व्हतं. पेटी उघडाल का? हत्यारांना तेल लावाय पायजे. पडवीत दमट हवा. गंज चढंल."

पेटीची किल्ली त्यांनी विश्वासाने आमच्या खुंटीला टांगून ठेवली होती. मी पेटी उघडली. आत हत्यारं जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून, बाळं झोपवावीत तशी ठेवलेली. मुलीने व्हिडिओ कॉल लावून फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि मिस्त्री तिकडून एकेक नाव सांगू लागले. ही करवत, हिच्या दातांना तेल, मुठीला नको. हा रंधा, लाकूड तासून गुळगुळीत करायचा. ह्या पटाश्या, खाच पाडायला, बोट जपा. हा गुण्या, काटकोन बघायला, ह्याला नुसतं पुसा. शिवणयंत्राचं तेल आणि मऊ चिंधी घेऊन मी दीड तास बसले. दर आठवड्याला हा कार्यक्रम ठरूनच गेला. तिसऱ्या खेपेला त्यांनी नाव घ्यायच्या आधी मी हत्यार उचलून दाखवत होते.

एकदा मध्येच फोन कुणीतरी हिसकावून घेतला. पडद्यावर एक गोल, हसरा, वैतागलेला चेहरा आला. मिस्त्रींच्या घरच्या. माझी त्यांची तोपर्यंत भेट नव्हती.

"दीदी, तुमीच सांगा ह्यांना! सोळा वरसं झाली, माझ्या कपाटाला दारं नाय. जुनी साडी बांधलीय मी परदा म्हणून. सगळ्या तालुक्याला कपाटं करून दिली ह्यांनी. आता घरी बसलेत दिवसभर, टाइमच टाइम हाय, तर हत्यारं तुमच्याकडं!"

मागून मिस्त्रींचा आवाज आला, "अगं, मी काय मुद्दाम ठेवली का?"

"काय सांगावं," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. आम्ही इकडे पदर तोंडात कोंबून हसत होतो.

मग मुलीचे तास ऑनलाइन सुरू झाले. रेंज फक्त पडवीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. तिथे ती मांडी घालून, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, अशी चार-चार तास बसायची. एकीकडे ती, दुसरीकडे भाकऱ्या. तिच्या सरांना आमची फोडणी ऐकू जायची. आठ दिवसांत पोरीची मान आखडली, पाठ धरली. मंचरहून टेबल मागवावं म्हटलं तर सगळी दुकानं बंद. आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र लाकूड होतं, तक्ते होते, तेल लावून चकचकीत केलेली हत्यारं होती.

पुढच्या कॉलला मी धीर करून विचारलं, "मिस्त्री, मी ही करवत वापरू का?"

रोजे चालू होते, दुपारची वेळ, त्यांचा आवाज आधीच बारीक झालेला.

"कशापायी?"

"टेबल करायचंय. पोरीसाठी."

"कदी लाकूड कापलंय?"

"नाही. कापड कापलंय."

मग म्हणाले, "लाइटीच्या मशीनला हात लावायचा नाय. मशीन फोनवर शिकवता येत नाय. हाताची हत्यारं घ्या. आन् मी बघत असताना कापायचं, एरवी नाय."

असा माझा वर्ग भरला. दुपारी तीन ते चार. फोन पिठाच्या डब्याला, मुलगी कॅमेरा धरायला आणि सासूबाई शेंगा फोडत प्रेक्षक. आधी रेघ मारायची, रेघेवरून सुरीने ओरखडायचं, मग करवत तिरकी धरून हळू ओढायची. "जोर नाय, वहिनी. वजन करवतीचंच हाय, तुमी फक्त रस्ता दाखवा." पहिल्या दिवशी मी सागाची एक पट्टी कापली. तळहाताला फोड आला. पण ती पट्टी कापली गेली तेव्हा खाली पडल्याचा जो आवाज झाला, त्याने झाला तसा आनंद मला ब्लाउज बेतताना कधी झाला नव्हता.

पुढे मात्र माझ्या शिवणकामानेच घोळ केला. शिवणात आपण कापताना चारी बाजूंनी माया ठेवतो, उसवायची, वाढवायची वेळ आली तर असावी म्हणून. सवयीने मी टेबलाच्या पायांनाही माया ठेवली. एकाला बोटभर, एकाला जरा जास्त. मिस्त्रींना त्या बारक्या पडद्यावर ते काय दिसणार? पाय ठोकले, टेबल उभं केलं, तर ते डुगडुगलं. मी एक पाय कापला. दुसरीकडे डुगडुगलं. तिकडचा कापला. मिस्त्री रविवारी फोन घेत नसत, आणि मला सोमवारपर्यंत दम निघेना. संध्याकाळपर्यंत टेबल एकदम सरळ उभं राहिलं, फक्त त्याची उंची माझ्या गुडघ्याच्याही खाली आली होती.

मुलगी म्हणाली, "आई, ह्याच्यावर निवडुंग ठेवू."

सोमवारी मी मिस्त्रींना ते दाखवलं आणि मायेची गोष्ट सांगितली. रोज्याच्या दिवसात तो माणूस इतका हसला की त्यांच्या घरच्या धावत आल्या. हसू आवरून ते म्हणाले, "वहिनी, लाकडात माया ठेवायची नसते. करवतीच्या दातापुरती जागा सोडायची, बास."

पण त्या बुटक्या टेबलाचा निकाल सासूबाईंनी लावला. त्यांनी शेगडी उचलून त्यावर ठेवायला सांगितली, स्वतः वेताच्या मोड्यावर बसल्या, हात पुढे करून पाहिला. भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली आणि कुणाचाही आधार न घेता उठून उभ्या राहिल्या.

"हे माझं," त्या म्हणाल्या. "पोरीला दुसरं कर."

दुसरं केलं. माया न ठेवता. त्याला मला नऊ दिवस लागले आणि ते मिस्त्रींनी सांगितलं तेवढंच उंच झालं. मुलीने त्यावर लॅपटॉप ठेवला, कोपर टेकले आणि म्हणाली, "आई, मला पाय लांब करता येतायत!" तिने परीक्षा त्याच टेबलावर दिली.

ईद झाली. मिस्त्रींच्या घरून शिरखुर्मा येणं त्या वर्षी शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्या घरच्यांनी, एव्हाना माझ्या भाभींनी, मला तो फोनवर सांगून करायला लावला. पडवीत, बुटक्या टेबलावर. सासूबाई चाटून पुसून प्यायल्या आणि म्हणाल्या, "ह्याच्यापुढं आपली केशरी खीर लई मागं पडती."

जूनच्या सुरुवातीला ते वादळ आलं. दुपारभर आम्ही घरात दारं लावून बसलो. पडवीच्या छपराचे चार पत्रे उडून शेजारच्या वावरात गेले, डबे लवंडले, पीठ भिजलं. मी आणि मुलीने आधीच प्लायवूडचे तक्ते आणि पेटी ओढत आत आणली होती. आधी तक्ते, मग सिलिंडर, आणि डबे राहूनच गेले, असा आमचा क्रम होता, ह्यावरून यजमान अजून मला चिडवतात. वादळ गेल्यावर उघड्या पडवीत उभं राहून सासूबाईंनी एक गोष्ट सांगितली, जी आम्हा कुणाला सुचली नव्हती.

"हितंच करा चूल."

म्हणजे स्वयंपाकघर आतल्या खोलीत नको, इथेच हवं. त्यांचं म्हणणं असं, की चाळीस वर्षं त्यांनी आतल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केला. ह्या अडीच महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा भाकरी भाजता भाजता रस्ता पाहिला, म्हशी पाण्यावर जाताना पाहिल्या, कोण आलं कोण गेलं पाहिलं. "मला आता भितीकडं बघत ऱ्हायचं नाय," त्या म्हणाल्या. "आतली खोली पोरीला द्या. तिला कालेज भरवायला पायजे."

यजमानांनी डोकं खाजवलं. सगळा नकाशाच उलटा होत होता. पण मुलगी लगेच मोजपट्टी घेऊन आली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत कागदावर नवं घर तयार होतं. पडवीला तीन बाजूंनी भिंती, पूर्वेला रुंद खिडकी. आतल्या खोलीला नवी खिडकी फोडायची. ओटे दोन: एक उभ्याने काम करायचा, एक बसून करायचा, बुटक्या टेबलाच्या मापाचा. आणि अंगणात, दाराच्या बाहेर, हात धुवायला बेसिन. ते यजमानांनी घालायला लावलं.

मढचे गवंडी आले तेव्हा तोंडाला उपरणी बांधून आले. बुटक्या ओट्याचं माप ऐकून त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "आवो, असा वटा कोन करत नाय. लोकं हासतील."

सासूबाई म्हणाल्या, "हासू द्या. त्यांचं गुडघं त्यांच्यापाशी."

त्याच आठवड्यात मिस्त्री आले. गाडी लावली, नव्या बेसिनवर साबणाने हात धुतले आणि कुणाशी काही बोलण्याआधी पेटी उघडली. एकेक हत्यार धोतराच्या चिंधीतून काढून उजेडात फिरवून पाहिलं. मी दारात उभी. निकाल ऐकायला उभं राहावं तशी. शेवटची पटाशी परत ठेवून ते नुसते "हं" म्हणाले. मग पोरीच्या टेबलाकडे गेले. वरून हात फिरवला, हलवून पाहिलं, खाली वाकले आणि तळाला हात लावून थांबले.

"खालून रंधा कशाला मारला? खालून कोन बघतंय?"

"पोरगी खाली घुसून वायर लावते. तिच्या डोक्याला लाकडाचं कुसळ लागू नये म्हणून."

ते उठून उभे राहिले. मास्कच्या वरून फक्त डोळे दिसत होते, पण ते हसत होते. "ड्रॉवर तुमी करा," म्हणाले. "मी कपाटं करतो."

मला वाटलं ही गंमतच आहे. नव्हती. आमच्या स्वयंपाकघराचे सहाही ड्रॉवर मी केले, त्यांच्या शेजारी बसून. एक जरा अडतो. तो मुद्दाम दुरुस्त करत नाही, माझा पहिला म्हणून.

त्यानंतर मिस्त्रींना श्वास घ्यायला वेळ राहिला नाही. घोडेगाव, मंचर, जुन्नर, जिकडेतिकडे टेबलं हवी होती. शाळेची पोरं घरी, कंपनीतली माणसं घरी. पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्यांना बंद घरं उघडून राहण्याजोगी करायची होती. एका घरात पलंग, एका घरात माळा, एका घरात नवरा-बायको दोघांच्या मिटिंगा एकाच वेळी म्हणून मध्ये लाकडी भिंत. प्लायवूड मिळेनासं झालं. मिस्त्री माझ्याकडे मापं पाठवायचे आणि मी आमच्या अंगणात टेबलं करायचे. शिवणयंत्र आणि करवत एकाच छपराखाली. गावातल्या बायका ब्लाउज टाकायला यायच्या आणि भुशात पाय रुतवून उभ्या राहायच्या.

दिवाळीआधी भाभींचा फोन आला. आवाज दबका. "दीदी, ह्यांना सांगू नका. चार दिवस या. ते ओतूरला कामाला जातायत."

मी जुन्नरला गेले. कपाट खरंच तसंच होतं, साडीचा पडदा विटून पांढरा झालेला. आम्ही दोघींनी मापं घेतली. भाभी स्क्रू हातात द्यायच्या, मधूनमधून खिमा-पाव नाही तर शेंगदाण्याचे लाडू. मी शाकाहारी म्हटल्यावर लाडूंची संख्या वाढली. चौथ्या संध्याकाळी दारं बसली, आणि नेमके मिस्त्री लवकर घरी आले. ते कपाटापुढे उभे राहिले. दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं.

"खालचा कब्जा केसभर..." त्यांनी सुरुवात केली.

"सोळा वरसं," भाभी म्हणाल्या.

त्यांनी दार लावलं आणि चहा मागितला.

पुढच्या उन्हाळ्यात यजमानांना ताप आला आणि तपासणीत तेच निघालं. तेव्हा आजूबाजूला वाईट बातम्या रोज येत होत्या. आमच्याच आळीतले दोघं गेले. मी हात जोडून होते, दुसरं काय करणार? मुलीने आपली खोली त्यांना दिली. नव्या खिडकीतून आम्ही ताट सरकवायचो आणि ऑक्सिजन मोजायचं यंत्र त्यांनी बोटाला लावून आकडा ओरडून सांगायचा. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. मी हातातलं टाकून उचलला. तर म्हणाले, "ऐक, ह्या खोलीतली तुझी तिसरी फळी डावीकडं उतरती हाय. मी पाच दिवस बघतोय." तेव्हा मला कळलं, हा माणूस बरा होतोय. मी खिडकीशी जाऊन मोठ्याने भांडले आणि मग न्हाणीत जाऊन पोटभर रडून घेतलं.

आता मुलगी पुण्यात नोकरीला आहे, पण आठवड्यातले दोन दिवस तिचं ऑफिस शिनोलीत भरतं. सासूबाईंचा ओटा बघायला बायका येतात. बघून हसतात, मग मोड्यावर बसून पाहतात, मग हळूच माप विचारतात. असे अकरा ओटे ह्या पट्ट्यात झालेत.

मागच्या महिन्यात मी मढला गेले होते. तिथलं एक जोडपं बंदच्या काळात माळशेज घाट चढून कल्याणहून आलं ते परत गेलंच नाही. आता ते घाट बघायला येणाऱ्यांना राहायला खोल्या देतात. त्यांना चार पलंग हवे होते. यजमान सुट्टी काढून बरोबर आले. तक्त्याचं दुसरं टोक धरायला त्यांच्याइतकं भरवशाचं कुणी नाही, फक्त ते धरून बोलत राहतात. मी वाकून रेघ मारत होते. घरातले म्हातारे आजोबा उंबऱ्यात बसून बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी यजमानांना विचारलं, "पावणं, तुमच्या बायकोला ही विद्या कुनी शिकवली?"

"फोनवर शिकली," यजमान म्हणाले.

आजोबांनी आपल्या सुनेकडे पाहिलं. सून हातातला फोन खाली ठेवून माझ्याकडे आली आणि तक्त्यापाशी बसली.

"वहिनी, धरायची कशी ती?"

मी करवत तिच्या हातात दिली.